चित्र दाखवणारा माणूस

संग्रहालय म्हटले की आपल्याला शहर आठवते. मुंबईचे भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १९२२ मध्ये. दोन्ही मोठ्या बंदराच्या, व्यापाराच्या शहरात. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, जिथे उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट पाहिली जाते, तिथे १९३८ मध्ये एक चित्रसंग्रहालय उभे राहिले. ते औंधचे श्री भवानी संग्रहालय. रविवर्म्याची तैलचित्रे, धुरंधरांची शिवचरित्रावरची चित्रे, पहाडी लघुचित्रे, हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे 'आई आणि मूल' एवढा ऐवज एका लहानशा संस्थानच्या गावात आहे.

त्याहून महत्त्वाची मला त्याची जागा वाटते. यमाईच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर ही इमारत आहे. पौषातल्या यात्रेला, नवरात्रात, मंगळवारी-शुक्रवारी देवीला येणारा माणूस तिच्या जवळूनच वर चढतो. म्हणजे तिकीट काढून चित्रे पाहायला निघालेला शहरी रसिक हा इथला मुख्य प्रेक्षक नाही. ओटी भरून उतरणारी बाई, जावळ काढायला आलेले कुटुंब, शाळेची सहल, हे मुख्य प्रेक्षक.

मी वडूजला राहतो. औंध तिथून वीसेक किलोमीटरवर. गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी एसटीने औंधला जायचे आणि जे ऐकायला तयार असतील त्यांना चार चित्रे दाखवायची, असा माझा क्रम आहे. मला पद नाही, मानधन नाही, कलेची पदवीही नाही. जे वाचले ते ग्रंथालयात आणि जुन्या अंकांत. या कामातून एक प्रश्न समोर आला, तो या लेखाचा विषय आहे. चित्र भिंतीवर असणे आणि ते माणसाला दिसणे यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते कोण आणि कसे भरून काढतो?

राजाचा हेतू

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे नाव सूर्यनमस्कारांमुळे बहुतेकांना ठाऊक असते. ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी काढलेल्या चित्रांचे रामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९१८ मध्ये भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली, आणि ती आवृत्ती सचित्र असावी हा आग्रहही त्यांचाच. चित्रकार बरोबर घेऊन त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर पुस्तक काढले. पंडित सातवळेकर वेदांचे भाष्यकार म्हणून प्रसिद्ध झाले, तेही मूळचे चित्रकार. १९१८ पासून तीन दशके ते औंधलाच होते.

बाळासाहेब कीर्तनही करीत. हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याला कीर्तन करता येते, त्याला समोरच्या माणसाच्या ओळखीच्या गोष्टीत शिरून त्याला अनोळखी जागी कसे न्यायचे हे ठाऊक असते. पूर्वरंगात विचार मांडायचा आणि उत्तररंगात आख्यान लावून तो उतरवायचा, ही ती रीत. संग्रहालयातील चित्रांचे विषय पाहिले की हा कीर्तनकाराचा हात दिसतो. द्रौपदी, दमयंती, राम, शिवाजीमहाराज. प्रेक्षकाला कथा आधीच माहीत आहे, नवे आहे ते चित्र.

ज्या वर्षी संग्रहालय उघडले, त्याच १९३८ च्या नोव्हेंबरात बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. गांधीजींच्या सल्ल्याने, मॉरिस फ्रिडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या खटपटीने घटना तयार झाली आणि १९३९ च्या जानेवारीत ती लागू झाली. गावपंचायती हा तिचा पाया होता. एरवी या दोन घटना दोन वेगळ्या प्रकरणांत लिहिल्या जातात. मला त्या एकाच विश्वासाच्या दोन बाजू वाटतात. जो शेतकरी आपल्या गावचा कारभार पाहू शकतो, तो रविवर्म्याचे चित्रही पाहू शकतो.

हा विश्वास त्या काळी किती वेगळा होता, हे वडूजच्या माणसाला लगेच कळते. आमचे गाव ब्रिटिश मुलखात होते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला तेव्हा गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. वीस किलोमीटरच्या अंतरात एकीकडे प्रजेच्या हाती कारभार आणि दुसरीकडे कचेरीवर झेंडा लावायला आलेल्यांवर गोळ्या.

दाखवणाऱ्याची परंपरा

संग्रहालयात माणसाने माणसाला चित्र समजावून सांगावे, ही कल्पना पाश्चात्त्य जगात फार जुनी नाही. अमेरिकेत बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाने १९०७ मध्ये 'डोसेंट' नेमायला सुरुवात केली. या शब्दामागे बेंजामिन गिलमन हे गृहस्थ होते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शिकवणे. याच गिलमन यांनी १९१६ मध्ये 'संग्रहालयातील थकवा' यावर लेख लिहिला. खालच्या कपाटातील वस्तू पाहायला प्रेक्षकाला किती वाकावे लागते, मान किती वळवावी लागते, हे त्यांनी छायाचित्रे काढून दाखवले. प्रेक्षक कंटाळतो याचा दोष नेहमी प्रेक्षकाचा नसतो, हा त्यांचा मुद्दा आजही लागू पडतो.

आपल्याकडे मात्र चित्र दाखवून कथा सांगणारा माणूस फार जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला आजवर टिकवली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीची सुटी चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि एका कथेच्या गठ्ठ्याला 'पोथी' म्हणतात. सांगणारा एक चित्र फळीला टेकवून उभे करतो, त्यावरचा प्रसंग गाऊन-बोलून सांगतो आणि संपला की पुढचे चित्र लावतो.

यातली एक गोष्ट मी उचलली. चित्रकथी एका वेळी एकच चित्र दाखवतो. संग्रहालयाची भिंत शंभर चित्रे एकदम दाखवते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफ्री आणि लिसा स्मिथ यांनी प्रेक्षक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात हे मोजले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी निघाली सुमारे २७ सेकंद, आणि निम्म्या वेळा प्रेक्षक १७ सेकंदांच्या आतच पुढे गेला होता. हे नामांकित चित्रांसमोरचे आकडे आहेत. तेव्हा औंधला 'चला, पुढं चला' म्हणत निघालेल्या यात्रेकरूला नावे ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून मी चाळीस मिनिटांत पाचच कलाकृती दाखवतो. बाकीचे सारे त्यांनी आपल्या पायांनी पाहावे.

आधी प्रश्न, मग माहिती

चित्रापुढे उभे राहिल्यावर मी आधी बोलत नाही. नाव, साल, चित्रकार यांतले काहीच सांगत नाही. मिनिटभर पाहू देतो. मग विचारतो, "काय चाललंय इथं?" उत्तर आले की, "हे कशावरून म्हणता?" आणि मग, "आणखी काय दिसतंय?" हे तीन प्रश्न माझे नाहीत. फिलिप येनावाईन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षे प्रयोग करून ही पद्धत बसवली. पण ती आपल्या पारावरच्या बोलण्याला परकी नाही. बैलाच्या बाजारात जनावर पाहताना जाणता माणूस हेच करतो. आधी गप्प राहून पाहतो, मग दुसऱ्याला विचारतो, मग कारण मागतो.

रविवर्म्याची 'सैरंध्री' घ्या. विराटाच्या घरी दासी बनून राहिलेली द्रौपदी. राणी सुदेष्णा तिला मद्य आणायच्या निमित्ताने कीचकाच्या महालात धाडते, तो प्रसंग. हे मी सांगत नाही. बायकांच्या घोळक्यात कुणी तरी म्हणतेच, "घाबरलीय बिचारी." "कशावरून?" "अवो, अंग चोरलंय की तिनं." मग दुसरी म्हणते, "जायचं नाय तिला, पण मालकिणीनं धाडलंय." एकदा एक वयस्क बाई शांतपणे म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरी कामाला जाणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाय." सगळ्या गप्प झाल्या. त्यानंतर मी फक्त एवढेच सांगितले की ही द्रौपदी आहे, पाच पांडवांची राणी, आणि या घरात तिला आपण कोण आहोत हे बोलायची मुभा नाही. चित्रावरची टिपणे मी बरीच वाचली आहेत. त्या बाईंच्या वाक्याइतके नेमके त्यांत सापडले नाही.

माहिती नको असे मी म्हणत नाही. ती कधी द्यायची हा प्रश्न आहे. तहान लागण्याआधी पाजलेले पाणी तोंडातच राहते. तेलरंगात अंगाची कांती आणि रेशमाची चमक कशी उतरते, रविवर्म्याने पौराणिक स्त्रियांना रक्तामांसाचे कसे केले, हे चित्र पाहून झाल्यावर विचारले जाते आणि तेव्हा सांगितले की लक्षात राहते.

रविवर्मा (१८४८–१९०६) हे केरळचे, किळिमानूरचे. हे सांगितले की इथे एक गंमत होते. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली हजारो माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर विखुरली आहेत. केरळ-तमिळनाडूत तर गावोगाव. यात्रेला ती घरी येतात. त्यांतला एक जण मला म्हणाला, "म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांच्या मुलखातला की! आम्ही पोटासाठी तिकडं गेलो, त्याचं चित्र आमच्याकडं आलं." औंधच्या संग्रहाचे इतके सुटसुटीत वर्णन मला करता आले नसते.

दर्शन आणि पाहणे

काही जण दारात चपला काढतात. रामाच्या चित्रासमोर हात जोडतात. शहरातून आलेले काही पाहुणे यावर गालात हसतात. सुरुवातीला मलाही वाटे की 'हे देऊळ नाही' असे सांगावे. मग वाचनातून रविवर्म्याच्या छापखान्याची हकिगत नीट कळली. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला हा छापखाना. त्यातून निघालेल्या रंगीत लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यात पोचल्या. आपल्या कॅलेंडरांवरच्या देवांचे चेहरे बऱ्याच अंशी तिथून आले. म्हणजे हात जोडणारी बाई चूक करीत नाही. लहानपणापासून तिच्या घरात असलेला चेहरा ती ओळखते आहे.

मी तिला एवढेच विचारतो, "तुमच्या घरच्या फोटोत आणि ह्यात काय फरक दिसतो?" ती जवळ जाते. डोळे बारीक करून रंगाचे फटकारे पाहते. छापलेला आणि हाताने काढलेला यातला फरक तिथेच तिला कळतो. हात जोडलेलेच राहतात आणि पाहणेही सुरू होते. दर्शन आणि पाहणे यांत एकाची निवड करावी लागते, हा समज आपण पुस्तकांतून उचलला आहे.

औंधच्याच पांडोबा पाथरवटांनी केलेली सहा ऋतूंची शिल्पे दाखवताना असेच होते. शेतकरी प्रेक्षक आधी विचारतो, "सहा कशाला? आमचे तीनच." संस्कृत काव्यातले सहा ऋतू आणि शेतावरची नक्षत्रे, मृग, हस्त, स्वाती, हा हिशेब वेगळा आहे. पण मग ते आपसांत वाद घालतात, यातला पावसाचा कुठला, थंडीचा कुठला, आणि कशावरून. दगडात ऋतू कसा ओळखायचा हा शिल्पकलेतला गाभ्याचा प्रश्न आहे, आणि तो कुणी न शिकवता त्यांच्या तोंडी येतो.

तांदळा आणि हेन्री मूर

सर्वांत अवघड समजली जाणारी कलाकृती म्हणजे मूर यांचे 'आई आणि मूल'. हेन्री मूर (१८९८–१९८६) हे यॉर्कशायरमधल्या खाणकामगाराचे चिरंजीव, विसाव्या शतकातले जगप्रसिद्ध शिल्पकार. आई आणि मूल हा विषय त्यांनी जन्मभर सोडला नाही. त्यांच्या शिल्पांत नाक-डोळे, बोटे यांचा हुबेहूबपणा नसतो. राहतो तो भार, गोलाई, एकाला दुसऱ्याचा असलेला आधार. अशा कामाबद्दल 'सामान्य माणसाला हे कळायचे नाही' असे शिकलेली माणसे हमखास सांगतात.

माझा अनुभव उलटा आहे. आमच्या भागात विहिरीच्या काठी साती आसरा असतात: सात दगड, शेंदूर लावलेले. बांधावर म्हसोबा असतो: एक दगड. ज्या देवाला घडवलेले अवयव नाहीत त्याला आपण तांदळा म्हणतो. पिढ्यान् पिढ्या या माणसांनी नाक-डोळे नसलेल्या दगडात आई पाहिली आहे. मूर यांचे नाव न घेता त्या शिल्पाबद्दल बोलणे काढले की बायका म्हणतात, "लेकरू हाय. धरलंय आईनं." चेहरा नीट नाही, ही तक्रार बहुधा इंग्रजी शाळेतल्या मुलांकडून येते. मूर यांनी युरोपातल्या संग्रहालयांत मेक्सिकोची आणि इतर प्राचीन शिल्पे पाहून ग्रीक धाटणीच्या हुबेहूबपणापासून सुटका करून घेतली. आमच्या यात्रेकरूला त्या सुटकेची गरजच पडत नाही. आधुनिक कला त्याला परकी आहे हे आपणच ठरवून टाकले, आणि म्हणून त्याला ती दाखवायची तसदी घेतली नाही.

काय सांगायचे नाही

दाखवणाऱ्याला काही पथ्ये पाळावी लागतात. पहिला मोह किमतीचा. "ह्या चित्राची किंमत किती कोटी?" हा प्रश्न दर वेळी येतो. आकडा सांगितला की लोक आकडाच पाहतात, चित्र पाहत नाहीत. मी म्हणतो, "विकायचं नाही त्याला किंमत नसते. तुमच्या देव्हाऱ्यातल्या टाकांची किती धरता?" दुसरा मोह चमत्काराचा. 'कुठूनही पाहा, डोळे आपल्याकडेच वळतात' हे वाक्य जगभरच्या गाइडांना पाठ असते. समोर पाहणारा चेहरा सपाट पृष्ठभागावर काढला की असे वाटणारच; त्यात त्या चित्राची थोरवी नाही. तिसरा मोह राजाच्या गोष्टींचा. बाळासाहेबांच्या हकिगती सांगत राहिले की ऐकणारा खूश होतो, पण पाठ चित्राकडे करून उभा राहतो.

आणि फुकट काम करणाऱ्याला एक जास्तीचे पथ्य. लोक विचारतात, "तुमचं काय असतं ह्यात?" हा संशय रास्त आहे. तीर्थक्षेत्री फुकट मदत करणारा माणूस शेवटी हात पुढे करतो, हा त्यांचा अनुभव. म्हणून मी चहासुद्धा घेत नाही, आणि निघताना कुणाला थांबवून अभिप्राय विचारत नाही. नोकरीवरच्या माणसांना संग्रह जपायचा असतो, कुलपे सांभाळायची असतात. त्यांच्या कामात पाय न घालता वाटाड्याने आपले काम करावे.

मालक कोण?

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. पुढे संग्रहालय सरकारकडे आले. कायद्याने ही चित्रे आता जनतेची. पण ती आपली आहेत हे मालकाला कळले नाही तर मालकी कागदावरच राहते. यात्रेकरू अजूनही 'राजाची चित्रं' म्हणतात. यात आदर आहे, पण अंतरही आहे. राजाची वस्तू लांबून पाहायची असते. तिच्याविषयी प्रश्न विचारायचे नसतात, ती खराब झाली तर काळजी करायची नसते. जे आपले आहे हे ठाऊक नाही, ते उद्या नसले तरी कुणी विचारणार नाही. आमच्या दुष्काळी मुलखाकडे अभिमानाने दाखवण्यासारख्या गोष्टी आधीच मोजक्या, त्यात या ऐवजाकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

म्हणून अलीकडे मी स्वतः कमी बोलतो. सहलीला आलेल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना एकेक चित्र वाटून देतो. वीस मिनिटे त्यांनी ते पाहायचे, तीन प्रश्न स्वतःला विचारायचे, आणि मग ते चित्र वर्गातल्या इतरांना दाखवायचे. पुस्तकातला धडा घडाघडा म्हणणारी मुले इथे अडखळतात आणि मागच्या बाकावरची पुढे येतात. एका मुलीने पुढच्या नवरात्रात आपल्या आजीला हाताला धरून 'सैरंध्री'पुढे आणले. मी खांबाआड उभा होतो. नाव, साल, चित्रकार तिने काहीच सांगितले नाही. आजीला मिनिटभर पाहू दिले आणि मग विचारले, "आज्जी, काय चाललंय गं इथं?"